नऊ हजार नऊशे नव्याण्णव

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला खोटा आकडा लांबूनच ओळखू येतो, असा माझा समज होता. १९९५ सालच्या दिवाळीत तळहाताएवढ्या एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या डबीने तो समज पार धुळीला मिळवला.

आमचे चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांच्या मामाने त्यांना एक व्हिडिओ गेम दिला होता. जपानात १९८३ साली निघालेल्या ‘फॅमिकॉम’ नावाच्या यंत्राची ती नक्कल. अशा नकला त्या काळी आपल्याकडे पुष्कळ दिसत. यंत्रात वरून जी डबी खोचायची, तिला मुले ‘कॅसेट’ म्हणत. आत फीत वगैरे काही नसे. असे ती एक चिप, आणि खेळ तिच्यात कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. चिरंजीवांजवळ अशी एकच कॅसेट होती आणि शेजारच्या मुलाजवळ सहा. हा फरक पोराच्या तोंडावर रोज दिसे.

बोनस हाती पडला आणि कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. एका दुकानात ती पिवळी कॅसेट दिसली. वर छापले होते, ‘९९९९ इन वन’! मी मनातल्या मनात भागाकार केला. अडीचशे रुपयांत नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ, म्हणजे खेळामागे अडीच पैसे! एवढा फायद्याचा व्यवहार मी जन्मात केला नव्हता.

पोराचा आनंद काय वर्णावा? पण माझा स्वभाव हिशेबनिसाचा. रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी टीव्हीचा आवाज बंद करून मोजदादीस बसलो. पहिला खेळ रणगाड्यांचा, दुसरा त्या मिशाळ मारिओचा, तिसरा मोटारींच्या शर्यतीचा, चौथा सर्कशीचा. पाचवा पुन्हा रणगाड्यांचा. फक्त सुरुवात पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून. सहावा पुन्हा मारिओ, रंग तेवढे निराळे. पुढे शंभराच्या घरात गेलो, हजाराच्या घरात गेलो; तेच चौघे वेष पालटून समोर येत होते. खरे खेळ चार, बाकी सगळी बनावट खाती!

दुकानाच्या भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी मी पाहिलेली होती. मी मुकाट्याने निजलो. सौ.ला सांगितले नाही, पोराला तर नाहीच. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी विचारी, “काय, आज कितवा खेळ?” तो म्हणे, “आज एकशे चाळिसावा, बाबा. फार मस्त आहे!” आकडा रोज चढत होता. पोर भाबडे आहे, त्याला काही उमगलेले नाही, या विचाराने मला हायसे वाटे. आणि थोडी लाजही वाटे.

या गोष्टीला तीस वर्षे झाली. चिरंजीव आता बंगळुरास असतात. गेल्या दिवाळीत ते घरी आले आणि माळ्यावरचे ते जुने यंत्र आणि जुना डबा टीव्ही त्यांनी खाली काढला. खिशातून एक कॅसेट काढली. दिसायला जुन्यासारखीच, पण तिच्या कडेला नखाएवढे मेमरी कार्ड खोचायची फट होती. तिला म्हणे फ्लॅश कार्ट्रिज म्हणतात. खेळांच्या प्रती कार्डात साठवायच्या, पडद्यावरच्या यादीतून एक निवडायचा, की तो कॅसेटच्या स्मृतीत उतरतो. निरनिराळ्या मूळ कॅसेटींत निरनिराळ्या जोडचिपा असत. त्यांची सोंगे घेणारी एक चिप यात बसवलेली असते. बिचाऱ्या यंत्राला वाटते, जुनीच कॅसेट आली! १९८५ सालचा तो मारिओचा अख्खा खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांचा. आजच्या मोबाइलचा एक फोटो त्याच्या शंभरपट भरतो.

“हे चोरीचे तर नाही ना?” मी विचारले. बँकेची सवय!

“नाही बाबा. खेळ जुने झाले, तरी त्यांचे हक्क जुने होत नाहीत. मी मूळ कॅसेटी जुन्या बाजारातून विकत घेतल्या आणि घरीच त्यांच्या प्रती काढल्या. रोज खोचून मूळ कॅसेटींचे दाते झिजायला नकोत, म्हणून ही युक्ती. बिनपरवान्याची होती ती आपली पिवळी!”

यादीत सदतीस खेळ होते. मूळ स्वभाव जाईना. मी एकेक उघडून पाहू लागलो. नातू कंटाळून फराळाकडे वळला. सदतीसच्या सदतीस निराळे निघाले. चिरंजीव माझ्याकडे पाहून हसले.

“या वेळी आकडा खरा आहे, बाबा.”

मी चमकलो. “या वेळी म्हणजे?”

“त्या पिवळ्या कॅसेटमध्ये चारच खेळ होते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“अरे, मग एकशे चाळिसावा, दोनशेवा म्हणून सांगत होतास ते?”

“तुम्ही इतक्या हौसेने विचारत होता. तुमचा बोनस त्यात गेला होता, हे आईने सांगितलं होतं मला.”

मला काही बोलता येईना. दहा वर्षांच्या पोराने बापाची अब्रू सांभाळावी आणि ती सांभाळली जाते आहे हे बापाला तीस वर्षे कळूही नये! ज्याला मी भाबडा समजत होतो, तो मला भाबडा समजून जपत होता.

मग सदतीस खेळांतून त्याने रणगाड्यांचाच निवडला. एक रणगाडा त्याचा, एक माझा. विटांच्या भिंतीआड गरुडाचे चिन्ह असते, ते शत्रूपासून राखायचे. मी पहिला गोळा त्यालाच मारून थिजवले आणि दुसऱ्याने आपलाच गरुड उडवला. १९९५ सालीही मी हेच करीत असे. नातू पोट धरधरून हसला.

त्या रात्रीची माझी मोजदाद मात्र मी चिरंजीवांना अजून सांगितलेली नाही. समोरासमोर जीभ रेटली नाही. हा अंक बंगळुरास जाईल, तेव्हा त्यांना ती कळेलच.