पानाची डावी बाजू

लेकीचं लग्न मार्गशीर्षातलं ठरलं आणि त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.२. हा आकडा ५.७च्या खाली असता तर कुणी काही बोललं नसतं, ६.५ असता तर मधुमेह म्हणून शिक्का बसला असता. मी मधे, उंबरठ्यावर. डॉक्टरबाईंनी गोळी लिहिली नाही. म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत करू." तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते तिचा हा हिशेब असतो. त्यामुळे आदल्या रात्री उपाशी राहून ही तपासणी फसवता येत नाही. मी तिथेच मनातल्या मनात कालनिर्णय उलटलं. दिवाळी, तुळशीचं लग्न, केळवणं, साखरपुडा, लग्न, सत्यनारायण आणि शेवटी संक्रांत. नेमके तेच तीन महिने.

केळवणं टाळायची म्हटली तर टाळता आली असती का? नसती. आमच्याकडे डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात सासरचे निम्मे नातेवाईक राहतात. कल्याणच्या जाऊबाईंकडे गेलं आणि मुलुंडच्या नणंदेकडे नाही गेलं, तर ते पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं. शिवाय नवरीला एकटीला कुणी बोलवत नाही, आईवडिलांसकट बोलावतात. लेक सत्तावीस वर्षांची, तिला श्रीखंड पचतं. ताटाभोवती रांगोळी तिच्यासाठी काढलेली असते, पण वाटी माझ्याही पानात तेवढीच मोठी.

पहिल्या केळवणाला मी सरळ मार्ग धरला. गोड नको म्हणून सांगितलं. आपल्या पंगतीत पाहुण्याचा पहिला नकार हा शिष्टाचार समजला जातो आणि दुसरा लाजणं. तिसऱ्याला वाढणारी म्हणते, "बरं, अर्धीच," आणि सबंध पुरणपोळी वाढते. पानात पडलेलं टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणजे काय खायचं ते वाढणारी येण्याआधी ठरायला हवं, एकदा पानात पडलं की विषय संपला.

मग खरं कारण सांगून पाहिलं. त्याने तर भलतंच झालं. "शुगर आलीय" म्हटल्याबरोबर अख्खी पंगत डॉक्टर झाली. एकीने मेथीदाण्याचं पाणी सांगितलं, दुसरीने कारल्याचा रस. चुलतसासऱ्यांनी जाहीर केलं की हे पुरण गुळाचं आहे, साखरेचं नाही, तेव्हा चालतं. हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण तोही मुख्यतः साखरच, रक्तात गेल्यावर तसाच वागतो. मी हे बोलले नाही. लेकीच्या केळवणात चुलतसासऱ्यांना शिकवायला जाणं मला परवडणारं नव्हतं.

त्यावरून जुना वाद निघाला. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात जो झाला तो, डॉ. जगन्नाथ दीक्षित की ऋजुता दिवेकर. भाऊजी दीक्षितवाले: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधे तोंडात काही नाही. जाऊबाई दिवेकरवाल्या: आपलं पारंपरिक खा, तुपाला भिऊ नका, थोडं थोडं खा. दोघांचे आवाज चढले, हातातली जिलबी मात्र दोघांचीही थांबली नाही. एवढं खरं की भाऊजींचं सोपं होतं. केळवण हे त्यांच्या दोन जेवणांपैकी एक, बाकी दिवसभर फराळाचा डबा समोर आला तरी हात मागे. आमच्या दिवाळीच्या चकल्या, शंकरपाळी तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर घरचीही खातात. मी भाऊजींची तेवढी एक गोष्ट उचलली. केळवणात आवडीचं गोड थोडंसं खायचं, पण येताजाता डब्यात हात घालायचा नाही. अनारसा खाल्ला तर बसून, बशीत घेऊन. शंकरपाळी मला नाहीतरी कधी फारशी आवडली नव्हती, इतकी वर्षं समोर होती म्हणून खात होते.

खरा मार्ग सापडला तो पुण्याला, मावससासूबाईंच्या घरी. वय ऐंशीच्या पुढे, पण वाढायला स्वतः उभ्या. केळीचं पान, त्यावर सगळं जागच्या जागी. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे अळूची भाजी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मधे वरणभाताची मूद. डावीकडच्या पदार्थांचं आपल्याकडे प्रमाणच चमचाभर. तोंडी लावायला म्हणून ते असतात, पोट भरायला नाही. बासुंदीचं पातेलं घेऊन त्या माझ्यापर्यंत आल्या आणि मी म्हटलं, "मावशी, कोशिंबीर फार छान झालीय. अजून मिळेल का?"

त्या थबकल्या. पातेलं सुनेच्या हातात देऊन स्वतः आत गेल्या आणि कोशिंबिरीचं अख्खं भांडं घेऊन आल्या. काकडी बारीक चोचवलेली, वरून दाण्याचं कूट, जिऱ्यामिरचीची फोडणी. "काकडी चोचवायची असते, किसायची नसते, हे हल्लीच्या मुलींना माहीत नाही," असं सगळ्यांना ऐकवत मला तीनदा वाढली. बासुंदी वाटीच्या तळाशी होती तेवढीच राहिली आणि त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आग्रह करणाऱ्या बाईला आपल्या पोटात साखर जायला हवी आहे असं काही नसतं. तिला आपल्या हातचं कुणीतरी मागून घ्यायला हवं असतं. नकार दिला की ती जास्त जोरात वाढते. मागून घेतलं की तिचं समाधान होतं, मग ते मागणं कोशिंबिरीचं का असेना. त्यानंतर मी प्रत्येक घरी काहीतरी मागत सुटले. कुठे उसळ, कुठे मठ्ठा, कुठे पालकाची ताकातली भाजी. जोडीला एक जुनी युक्ती होतीच. गोडाची वाटी रिकामी होऊ द्यायची नाही, शेवटचा घास शेवटपर्यंत राखायचा. रिकामी वाटी दिसली की वाढणारीचा हात आपोआप वळतो.

पुढे मी आणखी धीट झाले. केळवणाच्या दोन दिवस आधी फोन करायला लागले. "ताई, तुमच्या हातची मसूरची उसळ खाऊन किती वर्षं झाली, ती कराल का?" पथ्य सांगितलं की यजमानीण हिरमुसते, फर्माईश केली की खूश होते. नणंदेने तर बेतच बदलला: भाजणीचं थालीपीठ, लोणी, पडवळाची भाजी, उसळ आणि लेकीसाठी एक वाटी खीर. जेवून उठताना तिचे यजमान म्हणाले, या सगळ्या केळवणांत पहिल्यांदा सुस्ती आली नाही.

खायचा क्रमही बदलला. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, आणि मग पोळी-भात. पालेभाजीतला चोथा आणि उसळीतली प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पीठ सावकाश पचतं, जेवणानंतर साखर एकदम वर उसळत नाही. आपल्या पंगतीत सुरुवात वरणभाताने होते, त्यामुळे मी पहिला भात दोन घासांवर आणला आणि उसळीकडे वळले. तुपाला मात्र मी हात लावू दिला नाही. वरणभातावर तूप नसेल तर केळवणाला जायचंच कशाला?

आणि शतपावली. पूर्वी आमचे आजोबा जेवून अंगणात फेऱ्या मारत तेव्हा आम्ही हसायचो. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःसाठी ओढून घेतात, तीही इन्शुलिनची फारशी वाट न बघता, हे डॉक्टरबाईंनी समजावलं. केळवणात जेवल्याबरोबर यजमान दिवाणखान्यात बसवतात आणि पान, बडीशेप, जुने अल्बम असं सुरू होतं. तिथून उठायला निमित्त लागतं. आमचं निमित्त तयार असायचं: "जरा तुमच्या गणपतीच्या देवळात लेकीला पाया पडायला नेऊन आणते." डोंबिवलीत काय आणि मुलुंडमध्ये काय, देऊळ दहा मिनिटांवर असतंच. यजमानीणही बरोबर यायची आणि मग स्वयंपाकघरात जे बोलता येत नाही ते रस्त्यात बोलून व्हायचं.

चहाचं मात्र अवघड गेलं. लग्नघरात चहा कितीदा होतो त्याला गणती नाही. आमंत्रणं द्यायला गेलं की प्रत्येक घरी "घोटभर तरी". कपात दोन चमचे साखर, म्हणजे चार घरं फिरलं की आठ. बिनसाखरेचा मागितला तर पुन्हा डॉक्टरकी सुरू. शेवटी मी कोरा चहा मागू लागले, लिंबू पिळून. "ॲसिडिटी" एवढं एकच कारण सांगायचं. ॲसिडिटीवर आपल्याकडे कुणी वाद घालत नाही, कारण ती प्रत्येकालाच असते. तिच्यावर लिंबू कसं चालतं, हेही कुणी विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री संगीत होतं. ही पद्धत आपली नाही, पण आता तिच्याशिवाय लग्न होत नाही. व्याह्यांकडच्या तरुण मंडळींनी दारूचीही सोय केली होती, आणि तिथे मला माझी नाही, ह्यांची काळजी होती. ह्यांना मधुमेह जुना, ग्लिमेपिराइड चालू. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते, तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाही. एरवी साखर खाली जायला लागली की यकृत आपल्या साठ्यातली थोडी रक्तात सोडतं. पोटात दारू असली की यकृत तिच्यामागे लागतं आणि हे काम मागे पडतं. रिकाम्या पोटी दोन पेग आणि वर ती गोळी असली की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यातली वाईट गोष्ट अशी की घाम फुटणं, बोलणं अडखळणं, झोक जाणं ही सगळी लक्षणं चढल्यासारखीच दिसतात. लोक म्हणतात, "भाऊसाहेबांना जास्त झाली, झोपू द्या." आणि त्या वेळी झोपू देणंच चुकीचं.

दारू अजिबात न पिणं सगळ्यात बरं, हे कुणाला माहीत नाही? अमुक इतकी दारू सुरक्षित असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्पष्ट सांगितलं. पण मुलीच्या संगीताच्या रात्री वधूपित्याला प्रवचन देऊन मी काय मिळवलं असतं? आम्ही घरीच बोलून ठरवलं होतं. आधी बसून नीट जेवण, पोळी-भाजीसकट. मग ३० मिलीचा एक पेग, साध्या सोड्यातून, कोलामधून नाही. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी, आणि लेकीच्या दोन मित्रांना काय दिसलं तर काय करायचं ते सांगून ठेवलेलं. दीर म्हणाले, "वहिनी, आजचा एक दिवस सोडा की त्याला." मी म्हटलं, "सोडलाय, म्हणूनच तर एक आहे." ते हसले आणि स्वतःही ताट घेऊन जेवायला बसले.

न पिणाऱ्यांसाठी मॉकटेल होती. हिरवी, निळी, वर छत्री लावलेली. निम्म्याहून जास्त सरबताचा पाक. साधं ३०० मिली कोल्ड्रिंक घेतलं तरी त्यात तीसेक ग्रॅम साखर असते, घरच्या चमच्याने सहा चमचे. दारूपासून लांब राहणाऱ्या बायकामुलांना आपण समारंभात हेच देतो, आणि कौतुकाने देतो. मी केटररला आधीच सांगून सोलकढीचं पिंप ठेवायला लावलं होतं. नारळाचं दूध म्हणजे तीही हलकी नव्हे, पण साखर नाही. रात्री अकराच्या आत पिंप रिकामं झालं. सगळ्यात जास्त कोण पीत होतं म्हणाल, तर नाचून आलेली पोरं.

लग्नाच्या दिवशी मी काही पाळलं नाही. जिलबी खाल्ली, मसालेभात खाल्ला, उखाणा घेऊन ह्यांना घास दिला आणि ह्यांच्याकडून घेतला. त्या दिवशी पायाला इतकी वणवण होती की जेवायला बसले तेव्हा चार वाजले होते.

जानेवारीत तपासणी केली. ५.९. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि विचारलं, "लग्न झालं ना?" हे श्रेय सगळं कोशिंबिरीचं नव्हे. लग्नघरातली धावपळही त्यात असणार. आणि ५.९ म्हणजे अजून उंबरठ्यावरच, फक्त आतल्या बाजूला. गोळी नाही, सहा महिन्यांनी परत.

तेवढ्यात लेकीची पहिली संक्रांत आली. हलव्याचे दागिने, काळी साडी, आणि आमच्याकडे हळदीकुंकू. या वेळी यजमानीण मी, म्हणजे वाढणारा हात माझा. सुगडात जे घालतो तेच बशीत ठेवायचं ठरवलं: ओले हरभरे, बोरं, गाजर, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा. बरोबर तिळगूळ आणि मटकीची भेळ, शेव बेताची. शेजारच्या वहिनींनी बशी बघून विचारलंच, "सामोसे नाही केलेत?" मी म्हटलं, "बोरं घ्या ना अजून." त्यांनी घेतली, आणि बिया कुठे टाकायच्या म्हणून ताटली मागितली.

विहीणबाई शेवटी आल्या, बसल्या, हरभरे सोलत म्हणाल्या, "छान केलंत. आता मला मस्त चहा द्या, साखर दोन चमचे, कमी नको." मी आत जाऊन दोन चमचे साखर घालून चहा केला. मोजून दोनच, सपाट नाही, शीग लावून.