लॅपटॉपमधला फोन

संगमनेरजवळ माझ्या मामाचं दूध संकलन केंद्र आहे. त्याच्यासाठी सध्या विकांताला एक छोटंसं अ‍ॅप लिहितोय. सकाळी दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर लगेच शेतकऱ्याच्या फोनवर, आणि दर दहा दिवसांनी बिल. मामाची अट एकच: "तुझ्या पुण्यात चालून उपयोग नाही रे. इथं दूध घालणाऱ्यांच्या फोनवर चाललं पाहिजे."

अट रास्त आहे. आकडा चुकला किंवा अडकला, तर रांगेतली माणसं अ‍ॅपला काही म्हणणार नाहीत, मामाला म्हणतील. वजनकाट्यावरचा विश्वास एका सकाळीत जाऊ शकतो.

पण त्यासाठी चार-पाच जुने फोन कुठून आणायचे? माझ्याकडे उबुंटूवाला लॅपटॉप आहे. म्हटलं, त्यातच फोन उभा करू.

अँड्रॉइडचा एम्युलेटर नोव्हेंबर २००७ मधल्या पहिल्या एसडीकेपासून आहे. बऱ्याच जणांच्या मनात त्याची एकच आठवण असते: सुरू करा आणि चहा पिऊन या. कारण साधं होतं. फोन एआरएम प्रोसेसरचा, लॅपटॉप इंटेलचा, त्यामुळे प्रत्येक सूचनेचं भाषांतर करावं लागायचं. ते काम करायचा क्यूएमू, फाब्रिस बेलार्ड या अवलिया फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेला. आता एक्स८६ ची सिस्टीम इमेज मिळते, म्हणजे भाषांतराची भानगडच नाही. आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये २.६.२० पासून, म्हणजे फेब्रुवारी २००७ पासून, केव्हीएम आहे. त्यामुळे आतला फोन थेट आपल्याच प्रोसेसरवर पळतो.

कृती अशी. आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा, बऱ्याच मशीनवर ते बंद असतं. मग स्वतःच्या युजरला 'केव्हीएम' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआऊट करून परत या. परवानगी नाही म्हणून रडतोय तर चालवा सुडोने, असं करू नका. अँड्रॉइड स्टुडिओचा अख्खा हत्ती पाळायची गरज नाही. नुसती कमांड-लाइन टूल्स उतरवा, एसडीके मॅनेजरने सिस्टीम इमेज घ्या, एव्हीडी मॅनेजरने फोन बनवा. मी अँड्रॉइड १० घेतलं, रॅम २ जीबी, स्क्रीन लहान. एक लक्षात ठेवा, आतल्या फोनसाठी 'लोकलहोस्ट' म्हणजे तो फोनच. लॅपटॉपवरचा सर्व्हर त्याला १०.०.२.२ या पत्त्यावर भेटतो.

खरी गंमत पुढे. एडीबीमधून या फोनला हवं ते सांगता येतं. बॅटरी ५ टक्के कर. खोटा एसएमएस पाठव. बिलाची रक्कम दिसत असताना मध्येच फोन वाजव. नेटवर्क एज कर (वायफाय बंद ठेवून), की प्रत्येक विनंतीला ८० ते ४०० मिलिसेकंदांचा उशीर लागतो. टेम्पो कुठवर आला तेही अ‍ॅपमध्ये दिसतं, म्हणून फोनला संगमनेरला नेऊन बसवला. तिथे मात्र आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यायचा. उलटं दिलंत, तर मामाचा टेम्पो नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या गार समुद्रात!

हे सगळं झाल्यावर पावती आधी फोनमध्येच साठवायची आणि रेंज आली की पाठवायची, असं ठरवलं. पुण्यातल्या फायबरवर बसून ही गरज कधी जाणवलीच नसती.

पण या फोनची एक मर्यादा आहे. रॅम २ जीबी असली तरी आत प्रोसेसर माझ्या लॅपटॉपचा आणि डिस्क एसएसडी. याची रॅम कमी करता येते, पण याला खरा गरीब करता येत नाही. तो तापत नाही. स्टोरेज भरल्यावर खरा फोन जसा कुथतो तसा तो कुथत नाही. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात, तेही इथे दिसत नाही. आणि दुधाने ओली झालेली बोटं, डोळ्यांवर येणारं ऊन, हे तर कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.

थोडक्यात काय, जे आकड्यात सांगता येतं ते सगळं लॅपटॉपमध्ये तपासून घ्या, फुकट आहे. उरलेलं त्या रांगेत उभं राहूनच कळणार. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघतोय. दूध सहाला यायला लागतं.