आमचा घरचा छापखाना

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. हे वचन ज्याने प्रथम उच्चारले, त्याने आपली हौस बहुधा दुसऱ्याच्या पैशाने भागवली असावी. आमचा अनुभव असा की, हौसेला मोल असते, ते रोख मोजावे लागते, आणि हौस घरात येऊन बसली म्हणजे तिला वरचेवर खाऊही घालावे लागते. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही बेळगावला गेलो, ते आईच्या चष्म्याची काच बदलून आणण्यासाठी. परत निघालो, तेव्हा चष्मा खिशात होता आणि मांडीवर एक भला थोरला खोका होता. वंटमुरीच्या घाटात आणि पुढे तवंदीच्या घाटात बस जसजशी वळणे घेई, तसतसे आम्ही त्या खोक्याला तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "आत काय आहे हो?" आम्ही मोठ्या ऐटीने म्हणालो, "छापखाना!"

खोक्यात रंगीत छायाचित्रे छापणारा प्रिंटर होता. निपाणीस घरी येऊन तो टेबलावर ठेवताच आईने आमच्या घरच्या कोंकणीत पहिला प्रश्न केला, "हें कितें हाडलां?" दुसरा प्रश्न किमतीचा होता. त्याचे उत्तर आम्ही अद्याप पूर्णपणे दिलेले नाही.

ही खरेदी केवळ लहरीने केलेली नव्हती. आमच्या फोनमध्ये त्या वेळी चार हजारांवर छायाचित्रे साठली होती. स्नेहसंमेलनाची, सहलीची, फळ्यावर काढलेल्या नकाशांची, कुणाच्या बारशाची आणि कुणाच्या लग्नाची. यांपैकी एकही आम्ही दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. पूर्वीच्या काळी एखादे कुटुंब स्टुडिओत जाई, ते वर्षादोनवर्षांनी. रंगवलेल्या पडद्यासमोर, इस्त्रीच्या कपड्यांत, श्वास रोखून सारी मंडळी बसत आणि तो एकच फोटो पुढे पन्नास वर्षे भिंतीवर नांदत असे. आमच्या आईजवळ तिच्या आईवडिलांचा असा एक फोटो आहे. तो कारवारच्या एका स्टुडिओत काढलेला असून त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने दोघांची नावे आणि १९५८ हे साल लिहिलेले आहे. आमच्या चार हजार फोटोंना मात्र ना भिंत होती, ना पाठ.

विद्यार्थिमित्रहो, हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्या वर्गातील मुले शनिवारी शाळा सुटल्यावर ते पाहण्यासच प्रथम आमच्याकडे येऊ लागली. यंत्राला चार टाक्या असतात. त्यांत आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया भरतात. जगातील बहुतेक रंग, म्हणजे आंब्याचा केशरी, उसाच्या पात्याचा हिरवा, संध्याकाळच्या ढगांचा जांभळा, हे या चौघींच्या मिश्रणातून होतात. यंत्राचे डोके कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकते आणि केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडवीत जाते. हे थेंब इतके सूक्ष्म असतात की, त्यांचे माप पिकोलिटरमध्ये सांगतात. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग! चार इंच रुंद व सहा इंच लांब असा फोटो इंचास तीनशे ठिपके या हिशेबाने छापला, तर एकवीस लाख साठ हजार ठिपके होतात. गणिताच्या वहीत हा गुणाकार करून पाहावा.

या विद्येच्या जन्माची एक गंमत सांगतात. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या संशोधनशाळेत इचिरो एंडो यांच्याजवळ शाईने भरलेली एक पिचकारी होती. तिच्या सुईला तापलेल्या डाखणीचा चुकून स्पर्श झाला, आणि सुईतून शाई एकदम उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो व तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे त्यांनी ओळखले. त्या एका चुकीतून यंत्रांची एक जात निपजली. दुसऱ्या जातीत उष्णतेऐवजी विजेने वाकणाऱ्या स्फटिकाचा दाब वापरतात. आमचे यंत्र या दुसऱ्या जातीचे आहे.

रंगांवर रंग चढवून चित्र छापण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलवला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे व एकाच कागदावर एकामागून एक दगडांचे ठसे अचूक उमटवावे लागत. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती गरिबांच्या देवघरात जाऊन बसल्या. तोवर अशी तैलचित्रे बहुधा राजवाड्यांतच दिसत. मळवलीच्या त्या दगडांचे काम आमच्या टेबलावर चार बाटल्या करीत आहेत, या विचाराने आम्हांस त्या दिवसांत फार धन्य वाटत असे.

परंतु हे यंत्र मोठे मानी आहे. पहिल्या दिवशी आम्ही कागद उलटा घातला आणि चकचकीत बाजूऐवजी पाठीवर फोटो छापला. ओला रंग आमच्या सदऱ्याला लागला, तो धोब्याकडे चार फेऱ्या करूनही गेला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर आम्ही यंत्र झाकून ठेवले, तर छिद्रांत शाई सुकून बसली आणि जून महिन्यात साऱ्या फोटोंवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. छिद्रे साफ करण्याची सोय यंत्रातच असते. परंतु त्या सफाईत शाईच खर्ची पडते. म्हणजे वापरले तर शाई संपते, आणि न वापरले तर साफसफाईत संपते. तेव्हा वापरणे बरे, हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. शाईच्या किमतीने हैराण होऊन अखेर आम्ही एक युक्ती काढली. यंत्राच्या कंपनीची शाई सोडून बाजारात मिळणारी निम्म्या किमतीची, बिननावाची शाई आम्ही टाक्यांत भरली. रंग तर पहिल्यापेक्षाही झगझगीत उठले! आपल्या व्यवहारचातुर्याचे आम्हांस कौतुक वाटले. त्या कौतुकाची हकीकत पुढे सांगावयाची आहे.

त्याच सुमारास नववीतला एक विद्यार्थी आम्हांस आपल्या घरी घेऊन गेला. निपाणीपासून थोड्या अंतरावरचे खेडे. पडवीत त्याची आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत बसली होती. पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हे सारे चालू असता तिचे आमच्याशी बोलणेही चालू होते. शेजारी तांबडा पटका बांधलेले आजोबा बसले होते. फोटोचा विषय निघाला, तेव्हा ती हसून म्हणाली, "फोटू लई काढल्यात की सर. रेशनचा, आधारचा, विडीच्या कार्डाचा. समदे एकटीचे." पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याशेजारी बसून तिने एकही फोटो काढलेला नव्हता.

आम्ही दोघांना पडवीत शेजारी शेजारी बसवले. आजीने सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला. आजोबांनी पटका पुन्हा बांधला. फोटो काढला, घरी येऊन मोठ्या कागदावर छापला आणि दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती दिला. त्यांच्या घरी तो पडवीच्या भिंतीवर, दाराशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल असा चिकटवण्यात आला. चौकट नाही, काच नाही, आणि सकाळचे ऊन थेट त्यावर. ते पाहून आम्ही काहीच बोललो नाही. आम्हांस त्यातले काही कळतच नव्हते.

दोन वर्षांनी आजोबा वारले. समाचारास म्हणून आम्ही गेलो आणि पडवीतच थबकलो. भिंतीवरच्या फोटोतला लाल रंग जवळजवळ सारा उडून गेला होता. दोघांचे चेहरे निळसर हिरवट झाले होते. पटका राखेच्या रंगाचा दिसत होता. आजीने आमची नजर ओळखली व ती हळूच म्हणाली, "म्हातारा गेला, आन् त्याच्या मागनं फोटूबी चाललाय बगा." मग थोड्या वेळाने, "सर, दुसरा काडून द्याल का?"

आम्ही तत्काळ होकार दिला. त्यात अवघड ते काय होते? घरी येऊन फोनमध्ये शोधले. मग संगणकावर शोधले. मग पुन्हा फोनमध्ये. तेव्हा आठवले की, आदल्या मे महिन्यात फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून आम्ही जुने फोटो शेकड्यांनी पुसून टाकले होते. छापून दिलेल्याचे काम झाले, असे समजून तो फोटोही त्यांत गेला होता. आम्ही तो कुणाला पाठवलाही नव्हता. काही रुपयांच्या शाईची काटकसर आणि दोन मिनिटांचा आळस यांच्यापायी एका बाईचा नवऱ्यासोबतचा एकुलता एक फोटो आमच्या हातून गेला होता. त्या रात्री आईजवळचा तो कारवारचा फोटो आम्ही काढून पाहिला. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजोबांच्या कोटाची बटणे मोजता येत होती. त्या काळच्या कृष्णधवल फोटोंतील काळेपणा म्हणजे चांदीचे बारीक कण असतात, ते लवकर ढळत नाहीत. आमच्या यंत्राच्या रंगद्रवाला मात्र ऊन आणि उघडी हवा सोसत नाही, आणि हलक्या शाईला तर मुळीच नाही. ही माहिती आम्ही नंतर मिळवली. आधी मिळवली असती, तर तिचा उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो आणि आजीला खरे काय ते सांगितले. शिक्षकाला "आमची चूक झाली" हे वाक्य विद्यार्थ्यासमोर उच्चारणे जड जाते. ते उच्चारले. भिंतीवरचा फोटो जपून सोडवून घरी आणला, सावलीत ठेवून त्याचा फोटो घेतला आणि संगणकावर आठवडाभर खटपट केली. गेलेला रंग काही परत येईना. मनाने रंग भरावा, तर तो खोटा ठरला असता. शेवटी उरलेसुरले रंगही काढून टाकले, तेव्हा त्या कृष्णधवल चित्रात दोघांचे चेहरे पुन्हा ओळखू येऊ लागले. या वेळी शाई कंपनीची घेतली, दोन प्रती छापल्या, एकीला काचेची चौकट केली आणि ती माजघरातल्या आतल्या भिंतीवर, ऊन न येणाऱ्या जागी, स्वतः खिळा ठोकून लावली.

आजी बराच वेळ पाहत राहिली. आम्ही म्हणालो, "आजी, पटक्याचा रंग काही आणता आला नाही." ती म्हणाली, "असू द्या. डोळं हाईत की. पटका तांबडा हुता, मला ठावं हाय." दुसरी प्रत आमच्याजवळ ठेवलेली आहे. तिच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने दोघांची नावे, गाव आणि साल लिहिले आहे. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आहे: "पटका तांबडा होता."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही एक तरी फोटो छापतोच. त्याने छिद्रे सुकत नाहीत, हा यंत्राचा लाभ. मुले येतात, आपापल्या घरचे फोटो आणतात. आमच्या घरच्या छापखान्याचे नियम आता ठरलेले आहेत. छापण्यापूर्वी मूळ फोटोची दुसरी नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. छापावे ते दोन प्रतींत. शाईत काटकसर करू नये. करायचीच तर फोटोंच्या संख्येत करावी. भिंतीवर लावताना काच असावी आणि ऊन नसावे. आणि पाठीवर नावे लिहिल्यावाचून कोणताही फोटो घराबाहेर जाऊ देऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना एकदा शेजारी शेजारी बसवा. फोटो कोण काढतो, कशाने काढतो, हे महत्त्वाचे नाही. तो आमच्याकडे घेऊन या. शाईचा खर्च आमच्याकडे लागला. पाठीवरची अक्षरे मात्र तुमच्या हातची हवीत.