आईची रोपं आणि विजेचं बिल



आम्ही काशीदचे. बाहेरची माणसं आमचं गाव ओळखतात ते समुद्रामुळे आणि पांढऱ्या वाळूमुळे. आमचं घर मात्र डोंगराच्या अंगाला, फणसाडच्या जंगलाकडे तोंड करून आहे. सुट्टीच्या दिवसांत येणाऱ्या पर्यटकांना घरगुती जेवण करून द्यायचं, हा आमचा पोटाचा धंदा. घरामागे दीड गुंठा जागा आहे. तिथली मिरची, वांगी, टोमॅटो आमच्याच चुलीवर शिजतात, म्हणून चार पैसे सुटतात.

ही भाजी आईच्या हातची. तिने उभी हयात दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरी केली. रोपं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे पाऊस गणपतीनंतरही कोसळतो. उघड्यावर बी टाकलं तर ते वाहून जातं, नाहीतर रोपाची मान कुजून ते आडवं होतं. आणि पाऊस थांबेपर्यंत वाट पाहिली, तर नाताळच्या गर्दीला मिरची हाती लागत नाही. म्हणून आई अंगणातल्या मांडवाखाली रोपं करायची.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते जमिनीवर चढलं, पण आमच्या किनाऱ्यालाही त्याने सोडलं नाही. सुरूची झाडं पडली, नारळी-पोफळी मोडल्या. आमचे पत्रे गेले, मांडव गेला. वीज कित्येक दिवस नव्हती. पत्रे कसेबसे परत चढवले. मांडवाला पैसा उरला नाही.

पुढच्या वर्षी आई म्हणाली, "मागच्या खोलीत करूया रोपं." त्या खोलीत दिवसासुद्धा काळोख. मग आम्ही १०० वॅटचे चार पिवळे दिवे टांगले. सकाळी सहाला लावायचे, संध्याकाळी सहाला बंद करायचे. बी उगवलं, पण रोपं सुतासारखी लांब झाली, फिकी पडली. दिवे खाली घेतले तर पानांचे शेंडे करपले. वर नेले तर रोपं पुन्हा लांबायला लागली. आणि महिन्याचं बिल आलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

रागाच्या भरात आम्ही दिवे काढून टाकले. आई काही बोलली नाही. आठवड्याभरात रोपं मेली. तिने वाफ्याची माती परसात नेऊन ओतली. त्या वर्षी मिरची विकत आणली. पण आईचं बोलणं कमी झालं, ते आम्हाला जास्त लागलं. तिला वाटलं, आपण आता घराला ओझं झालो.

कोडं सोडवलं ते आमच्या लेकीने. ती तेव्हा नववीत होती. वहीच्या मागच्या पानावर तिने हिशेब मांडला. १०० वॅटचे चार दिवे म्हणजे ४०० वॅट. रोज बारा तास म्हणजे ४.८ युनिट, महिन्याला १४४ युनिट. आमचं घर एरवी साठ-सत्तर युनिटांत भागतं. १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना दर बराच चढा लागतो. म्हणजे मार दुहेरी बसला.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पिवळ्या दिव्याला दिलेल्या विजेच्या १०० भागांतून जेमतेम ५ भाग उजेड होतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे आम्ही पैसे मोजत होतो ते रोपं करपवायला! एलईडीची २० वॅटची ट्यूब १०० वॅटच्या पिवळ्या दिव्यापेक्षा जास्त उजेड देते आणि फार तापत नाही. त्यामुळे ती रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगता येते. उजेड जवळ आला की रोप बुटकं, जाड देठाचं होतं.

आमची एक चूक इथे सांगितली पाहिजे. झाडांसाठीचा खास दिवा म्हणून आम्ही आधी एक जांभळा दिवा आणला. पान लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषून घेतं, म्हणून तसा दिवा करतात. ते खोटं नाही. पण त्या उजेडात हिरवं पान काळं दिसायचं. कीड आहे की पान पिवळं पडलंय, काही कळेना. आई एकेक ट्रे उचलून दारात नेऊन बघायची. शेवटी म्हणाली, "मला दिसेल असा दिवा आणा." पांढऱ्या एलईडीतही निळा आणि लाल प्रकाश असतोच. मग साध्या पांढऱ्या चार ट्यूब आणल्या.

या पांढऱ्या उजेडामागेही एक गोष्ट आहे. लाल एलईडी १९६२ सालीच निघाला होता. पण निळ्यासाठी जग तीस वर्षं अडून राहिलं, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नव्हता. तो साधला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले नाकामुरा जपानच्या शिकोकू बेटावरच्या एका लहान मच्छीमार गावात जन्मले. हे लेकीने वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे आपल्यासारख्याच गावचा!"

आता चार ट्यूब मिळून ८० वॅट. बारा तासांना एक युनिटही पुरं होत नाही, महिन्याला २९ युनिट. बिल १०० च्या आत राहतं. ट्यूबांचा खर्च पहिल्याच मोसमात वसूल झाला. २०२२ पासून दर भाद्रपदात मागची खोली उजळते. रोपं पस्तीस-चाळीस दिवसांची झाली की पाऊस ओसरल्यावर बाहेर जातात. उरलेली शेजारचे वाडीवाले विकत नेतात. तो पैसा आईचा, त्याला आम्ही हात लावत नाही.

कोणाला करायचं असेल तर एवढं सांगतो. खोक्यावर वॅटच्या जोडीला ल्युमेनचा आकडा बघा. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड. पावती घ्या. पाणी घालताना बटण बंद करा, वायर ओल्या जमिनीवर ठेवू नका. रात्री दिवे मालवा, रोपालाही काळोख लागतो.

आणि घरातली पोर वही घेऊन हिशेब सांगायला आली, तर तिला "तुला काय कळतंय" म्हणू नका. आम्ही एकदा म्हटलं होतं. त्यात आमचं एक वर्ष गेलं.