चढावर वाचलेली गावं

फ्रान्समधल्या खेड्यांतून सायकल चालवताना पाणी संपलं तर दफनभूमी शोधायची. इथे आल्यावर मिळालेली ही पहिली कामाची टीप. तुलूझच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दिली. गावातली बेकरी बंद असते, कॅफे असलाच तर बारा ते तीन कुलूप असतं, आणि चौकातल्या कारंज्यावर बऱ्याचदा ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असते. पण गावाबाहेरच्या भिंतबंद दफनभूमीत फुलांना घालायला नळ असतो आणि त्याचं पाणी बहुधा गावाच्याच पुरवठ्याचं असतं. माझी आजी असती तर तिने हे ऐकून मला अंगणातच अंघोळ घातली असती. मी मात्र आता नकाशावर क्रॉसचं चिन्ह दिसलं की मनातल्या मनात पाणपोई म्हणून नोंद करतो.

तुलूझहून लोकल गाडीत सायकल टाकून तास-सव्वा तास उत्तरेला गेलं की काऑर येतं. लोत नदीच्या वळणात वसलेलं गाव, तीन उंच बुरुजांचा चौदाव्या शतकातला पूल. तिथून नदीकाठाने पूर्वेला निघायचं, बूझिएजवळ सेले नावाची उपनदी मिळते, तिच्या दरीतून फिजाकला पोचायचं आणि तिथून परतीची गाडी पकडायची. मधले फाटे धरून ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. माझा हा आवडता रस्ता. गेल्या दोन वर्षांत पाच वेळा केला, यंदा जूनमध्ये सहाव्यांदा.

हा काही आल्प्स नाही. इथले डोंगर म्हणजे खरं तर चुनखडीचं एक पठार, त्याला ‘कॉस’ म्हणतात, आणि नद्यांनी त्यात खोल चिरलेल्या दऱ्या. नदीपासून पठारापर्यंत दोनशे मीटरची चढाई. अणुस्कुरा घाटापुढे हे काहीच नाही. पण दिवसात चारदा वर जायचं आणि चारदा खाली यायचं म्हणजे संध्याकाळी पायऱ्या उतरताना गुडघे बोलायला लागतात. चढ पाच-सहा टक्क्यांचा, मध्येच आठचा. रस्त्यावरची खडी जाड, त्यामुळे हँडल सतत थरथरतं. मी पुढे चौतीस दात्यांचं चाक आणि मागे बत्तीसचं लावून ताशी आठ-नऊ किलोमीटरने वर सरकतो. या वेगात एक फायदा असतो. गाडीतल्या माणसाला दिसत नाही ते सगळं वाचता येतं.

आणि वाचायला वेळ मिळतो, कारण रस्ता रिकामा असतो. मागून आलेली गाडी गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडूनच पुढे जाते. कायदाच आहे तसा. पण कित्येक तास गाडीच येत नाही. सायकलवाल्यांच्या गप्पांत या रिकामेपणाचं फार कौतुक असतं. मीही करायचो. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला, इथे रस्ता रिकामा का, हा साधा प्रश्न पडायला लागला.

उत्तर प्रत्येक गावात दगडावर कोरून ठेवलेलं आहे. चर्चच्या किंवा ग्रामपंचायतीच्या समोर एक स्तंभ असतो: १९१४–१९१८, आणि खाली नावं. फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक त्या युद्धात गेले आणि पुढच्या दशकात जवळजवळ प्रत्येक गावाने असा स्तंभ उभारला. ज्या गावात आज वीस-पंचवीस घरं दिसतात, तिथल्या स्तंभावर तीस नावं असतात. एकच आडनाव तीनदा, चारदा. भाऊ असतील किंवा चुलतभाऊ. दुसऱ्या महायुद्धाची नावं खाली वेगळ्या पाटीवर, बहुधा दोन किंवा तीन. ती यादी एवढी आखूड का, तर न्यायला माणसंच कमी उरली होती, असं मला सुरुवातीला वाटायचं. कारण ते नाही, १९४० साली युद्ध सहा आठवड्यांत हरलं म्हणून ती आखूड. पण माणसं कमी उरली होती हेही खरंच.

शिवाय ओहोटी युद्धाच्या आधीच लागली होती. १८५१ साली या लोत जिल्ह्याची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात होती. आज पावणेदोन लाख आहे. १८७०च्या दशकात फायलोक्सेरा नावाची कीड द्राक्षवेलींच्या मुळांना लागली आणि काऑरच्या वाईनवर जगणारे डोंगरउतार ओसाड झाले. रेल्वे आली, तिने माल आणण्याऐवजी माणसं नेली. शेजारच्या आव्हेरोंमधले लोक पॅरिसला जाऊन कोळसा विकायचे, मग त्याच दुकानात दारू विकायला लागले. त्यातून पॅरिसचे कितीतरी कॅफे उभे राहिले. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. यातला कोळसा काढून गिरणी घाला आणि कॅफे काढून खानावळ, की आमच्या पणजोबांची गोष्ट तयार.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सोळा लाख सत्याण्णव हजारांच्या आसपास होती, २०११मध्ये सोळा लाख पंधरा हजार. देश वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे घटले. आमच्या वाडीत चौदा घरं, त्यातली पाच बाराही महिने उघडी. आमचं उरलेल्या नवांत. बाबा पुण्याला, मोठे काका बोरिवलीला, मी इथे.

घर जिवंत आहे की नाही हे रस्त्यावरून कसं ओळखायचं, याचा मला आता सराव झाला आहे. फ्रान्समधल्या सगळ्याच घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात आणि दुपारी उन्हाने त्या मिटलेल्याच असतात, म्हणून झडपांवर जायचं नाही. पत्रपेटी बघायची: तोंडातून जाहिरातींचे कागद लोंबत असतील तर कोणी नाही. सरपणाची रास बघायची. वरची लाकडं करडी पडलेली आणि खालची ताजी असं होत नाही, पण अर्धवट वापरलेली रास म्हणजे हिवाळ्यात माणूस होता. बागेतला पाण्याचा पाइप, तो गुंडाळलेला आहे की पसरलेला. कुत्रं. झडपांना ताजा निळा रंग आणि दारात लव्हेंडरच्या कुंड्या एका ओळीत असतील तर ते सुट्टीतलं घर. मालक पॅरिसचा किंवा इंग्रज. आपल्याकडे सारवलेलं खळं, दोरीवरचे कपडे आणि कोंबड्या यांवरून कळतं. आमच्या घराची खूण म्हणजे पुढच्या दाराच्या कडीला माझ्या आत्येने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, कुलूप गंजू नये म्हणून.

या रस्त्यावरचं सर्वांत प्रसिद्ध गाव सँ-सिर्क-लापोपी. नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर चिकटलेलं, उभ्या उताराची तपकिरी कौलं, इतक्या अरुंद गल्ल्या की सायकल हातात धरूनच जावं लागतं. इथे लाकूड कातणारे कारागीर राहायचे. वाईनच्या पिंपांच्या तोट्या आणि बटणं बनवायचे. तो धंदा बसला, माणसं गेली. १९५० साली कवी आंद्रे ब्रेतों आला, प्रेमात पडला, घर घेतलं. त्याच्यामागून चित्रकार आले. २०१२ साली टीव्हीवरच्या स्पर्धेत हे फ्रेंच लोकांचं सर्वांत लाडकं गाव ठरलं. वर्षभर राहणारे दोनशेच्या आसपास, आणि उन्हाळ्यात पार्किंगला रांग. ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ नावाची एक संस्था १९८२पासून आहे, तिच्या यादीतही ते आहे. त्या यादीत जायचं तर लोकसंख्या दोन हजारांच्या आत असावी लागते. नियम म्हणून ठीकच आहे, मोठ्या शहरांनी घुसू नये म्हणून केलेला. पण पंचेचाळीस मिनिटं चढून वर आल्यावर, सहा युरोचं आइस्क्रीम खात तो आठवला की घास जरा अडतो. गाव गरीब राहिलं, नवं बांधायला ना पैसे होते ना माणसं, म्हणून जुनं उरलं, आणि उरलेल्याला आपण सुंदर म्हणतो. मला सँ-सिर्क आवडतं. पण मी तिथे फार वेळ थांबत नाही.

त्यापेक्षा सेलेची दरी बरी. काब्रेरेच्या वरच्या अंगाला पेश मेर्लची गुहा आहे. तिथे सुमारे एकोणतीस हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ठिपक्यांचे दोन घोडे रंगवले, आणि १९२२ साली गावातल्या पोरांनी ते शोधले. पुढे मार्सियाकला मोडका मठ, छप्पर उडालेलं, कमानीतून थेट आकाश. तिथून पठारावर चढणारा एक फाटा आहे. वर ओक, दगड आणि मेंढ्या. शेताच्या कडेने मैलोन्‌मैल गडगे. चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. आमच्याकडे जांभा, इथे चुनखडी, एवढाच फरक. गडगा कुठे ढासळतो, तिथून गुरं कशी शिरतात आणि मग कोण कोणाला शिव्या देतं, हे मला इथली भाषा धड येत नसतानाही सांगता येईल.

यंदा त्या पठारावरच्या एका गावात पाणी भरायला दफनभूमीत शिरलो. नळ कोपऱ्यात होता आणि तिथे जाताना जुन्या ओळीतल्या पाच-सहा कबरींवर छोट्या पाट्या लावलेल्या दिसल्या. मजकूर सरकारी: ही जागा बेवारस मानली जात आहे, ती परत घेण्याची प्रक्रिया सुरू आहे, वारसांनी ग्रामपंचायतीशी संपर्क साधावा. ठरावीक मुदतीत कोणी आलं नाही तर अस्थी काढून एका सामाईक जागेत ठेवतात आणि जागा मोकळी करतात. एका पाटीखाली जे आडनाव होतं, ते चौकातल्या स्तंभावर मी तीनदा वाचलं होतं. पाटी पावसाने फिकट झाली होती, म्हणजे ताजी नव्हती.

मी बाटल्या भरल्या. फोनला रेंज आली होती आणि बाबांचे दोन मिस्ड कॉल होते. विषय मला माहीत होता. पाऊस लागला होता, शेजारच्या भाऊकाकांनी कळवलं होतं की माकडांनी पडवीवरची कौलं फोडलीत आणि माजघरात पाणी येतंय. बोरिवलीच्या काकांना गिऱ्हाईक मिळालं होतं. सातबाऱ्यावर अकरा नावं, नऊ जण सही करायला तयार. बाबा आणि आत्या राहिलेले. छप्पर उतरवून नवे वासे घालायचे तर साडेचार लाख. बाबांना माझं मत हवं होतं, म्हणजे खरं तर पैसे कोणाचे हे ठरवायचं होतं. ते सरळ विचारत नाहीत.

सायकल भिंतीला टेकवून मी फोन लावला.

“कुठे आहेस? वारा येतोय.”

“डोंगरावर आहे, बाबा. सायकल घेऊन आलोय.”

“उन्हात?” मग थोडं थांबून, “तिकडच्या खेड्यात छपराला काय असतं रे? पत्रा?”

मी सांगितलं, पत्रा फक्त गोठ्यांना. घरांना कौलं, चपटी, आणि उतार आपल्यापेक्षा जास्त. काही जुन्या घरांना तर दगडाच्या लाद्या.

“दगडाच्या? वासे कसले मग?”

“ओकचे.”

“फोटो पाठव. आतून मिळाला तर आतून.”

मार्सियाकला परत उतरलो. तिथे एका घराचं छप्पर निम्मं उतरवलेलं होतं, शिडीवर एक म्हातारा आणि खाली कौलं देणारी एक पोरगी. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. म्हाताऱ्याने मला शिडीवर चढू दिलं, सायकलचे बूट काढायला लावून. आतले वासे काळे पडलेले, पण ठोकले तर आवाज भरीव यायचा. मी सात फोटो काढले आणि तिथूनच पाठवले. फिजाकच्या आधी शेवटच्या चढावर असताना बाबांचं उत्तर आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते मोजकंच लिहितात: वासे चांगले आहेत, आपले पाहावे लागतील, गणपतीला रजा मिळते का बघ.

मी गिअर एक खाली घेतला आणि तिकिटाचे दर बघायला स्टेशनवर वेळ मिळेल का, याचा हिशेब करू लागलो.