शिवणयंत्राच्या उपकरणांचें क्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आपण सहज उच्चारतों. पण त्यांतील दोन पदांचा अर्थ निरनिराळा आहे, याचा आपणांस विसर पडतो. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हें क्षेम. आपल्या कुटुंबांतून योगाविषयीं जितका उत्साह दिसतो, तितका क्षेमाविषयीं दिसत नाहीं. घरोघरचें शिवणयंत्रच पाहा ना! यंत्र घेतांना चार दुकानें पालथीं घालतात, त्यावर भरतकामाचें आच्छादन घालतात, खंडेनवमीस फुलें वाहतात; परंतु त्याच्यासमवेत आलेलीं चिमुकलीं उपकरणें मात्र बिस्किटांच्या जुन्या डब्यांत, फुटक्या बटणांच्या व बेवारस किल्ल्यांच्या संगतींत गंजत पडतात.

‘उप’ म्हणजे जवळ. जें मुख्य साधनाच्या जवळ राहून त्याच्या कार्यास साहाय्य करतें, तें उपकरण. कापडाची कड दुमडून देणारा हेमर, झालरीच्या चुण्या पाडणारा रफलर, कडेवर पट्टी बसविणारा बाइंडर, भरतकामाच्या वेळीं यंत्राचे दात झांकणारी पत्र्याची पट्टी, यांपैकीं कोणतेंही यंत्रापासून दुरावलें, कीं त्याचें उपकरणत्व संपलें; मग तो लोखंडाचा निनांवी तुकडा. निनांवी तुकड्याची वाट ठरलेली असते. ती भंगारवाल्याच्या हातगाडीकडे जाते.

हें मी केवळ तर्कानें सांगत नाहीं. माझ्या एक आत्याबाई ऐन तारुण्यांत विधवा होऊन माहेरीं परत आल्या. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नानें १९०९ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सेवासदनांत त्या शिवण शिकल्या, आणि दागिने मोडून त्यांनीं पायाचें एक यंत्र घेतलें. माझ्या वडिलांचें कॉलेजचें शिक्षण त्या यंत्राच्या शिलाईवर झालें. १९९१ सालीं आत्याबाई वारल्या. पुढें घरांत तयार कपडे येऊं लागले आणि यंत्र अडगळींत गेलें. तीन वर्षांपूर्वीं जुना वाडा सोडून सदनिकेंत जावयाची वेळ आली, तेव्हां यंत्र मोडींत काढावें असें घरांतील बहुतेकांचें मत पडलें. माझा जीव कळवळला. परंतु ज्याचा उपयोग कोणासच करतां येत नाहीं तें ठेवा, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

त्या समयीं आमच्या सूनबाईंना यंत्राच्या खणांत पत्र्याची एक चपटी पेटी सांपडली. आंत प्रत्येक उपकरण तेलाचा हात दिलेल्या मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळलेलें, आणि प्रत्येकाबरोबर आत्याबाईंच्या अक्षरांतील एकेक चिठी: नांव काय, कोणत्या कापडास लावावें, कोणता स्क्रू आधीं सैल करावा. रफलरची दुबेळक्यासारखी दांडी सुईच्या स्क्रूवर बसली पाहिजे, एवढें एक वाक्य एका चिठीवर होतें. सूनबाई या विद्येंत नवख्या. पण त्या एका वाक्याच्या आधारावर त्यांनीं चार दिवसांत नातीच्या परकराला झालर लावून दाखविली. त्यानंतर यंत्र मोडींत काढण्याची गोष्ट कोणींही काढली नाहीं.

आतां प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळूं. पहिला नियम असा कीं, प्रत्येक वस्तूस स्वतःचें आसन असावें. १८८९ सालीं अमेरिकेंत पेटंट झालेली सिंगर यंत्राची लांकडी पेटी या बाबतींत आदर्श होय. ती उघडली कीं फळीसारखी सपाट पसरे, मिटली कीं चौकोनी पेटी होई. आंत उपकरणांसाठीं बेतशीर जागा केलेल्या असत. एखादें उपकरण परत ठेवावयाचें राहिलें, तर रिकामी जागाच तशी वर्दी देई. आज खणांची साधी प्लॅस्टिकची डबी तेंच काम करते.

दुसरा शत्रु गंज. लोखंडास गंज चढण्यासाठीं तें पाण्यांत बुडावें लागत नाहीं; हवेंतील आर्द्रता शेंकडा साठ-सत्तरच्या वर गेली कीं पुरे, आणि पावसाळ्यांत आपल्याकडे ती बहुधा त्याहून अधिकच असते. बोटांच्या घामांतील मीठ त्यांत भर घालतें. म्हणून मृग लागण्यापूर्वीं एकदां व दसऱ्याच्या सुमारास एकदां प्रत्येक तुकडा कोरड्या फडक्यानें पुसावा, रफलरच्या दांत्यांतील तंतू ब्रशानें काढावे, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन सर्वत्र फिरवावा. खोबरेल लावूं नये. तें कालांतरानें चिकट होऊन सांधे धरतें. वर्तमानपत्राचा कागद ओल धरतो. त्यांत कांहीं गुंडाळूं नये. औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डबींत टाकाव्या, मात्र त्या मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

तिसरा नियम, सरमिसळ नको. घरांत यंत्रें दोन असतील तर डब्याही दोन असाव्या. फूट लावण्याचा दांडा कांहीं यंत्रांत आंखूड, कांहींत उंच असतो. एकाचा फूट दुसऱ्यास जबरीनें बसविला तर सुई मोडते. बॉबिनांचेंही तसेंच: त्या दिसावयास सारख्या, पण उंचींत किंचित् फरक असला तरी दोरा अडखळतो. सुया मूळच्या पाकिटांतच ठेवाव्या, कारण जाडीचा अंक त्यावर ठळक असतो. ९०/१४ यांतील ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. मोडक्या सुया घट्ट झांकणाच्या बाटलींत टाकाव्या. रांगतें मूल असलेल्या घरांत या कामीं क्षणाचीही हयगय नको. भरतकामाच्या रिंगा कापड काढून, स्क्रू सैल करून आडव्या ठेवाव्या. त्यांवर ओझें पडलें तर त्या वांकतात, आणि मग कापड सर्वत्र सारखें ताणलें जात नाहीं.

या सर्व उपायांनीं लोखंडाचें रक्षण होतें; विद्येचें नव्हे. ती वापरणाऱ्या बोटांत असते, आणि त्या बोटांबरोबरच नाहींशी होते. आपल्या घरीं ज्या वडील स्त्रियांस हीं उपकरणें चालवितां येतात, त्यांच्याजवळ या आठवड्यांतच घरांतील एखाद्या मुलीस वा मुलास बसवावें, आणि त्या सांगतील तें एकेका चिठीवर उतरून घ्यावें. चिठीस पैसा पडत नाहीं. पन्नास वर्षांनीं ती पेटी जी सून उघडील, तिला कदाचित् आपलें नांव ठाऊक नसेल. उपकरणाचें तरी ठाऊक असावें.