डेव्हीचा दिवा

इ. स. १८१२ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ जीव गेले. खाणींतला ज्वालाग्राही वायु व उघडी ज्योत यांची गांठ पडली कीं हा अनर्थ ठरलेलाच. आणि दिव्यावांचून तर खाणींत कामच चालावयाचें नाहीं! सर हंफ्रे डेव्ही यांनीं १८१५ सालीं काढलेला उपाय पाहून आम्हांस कौतुक वाटतें. ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी, एवढेंच! वायु जाळींतून आंत शिरतो, जळतोहि. परंतु धातूची तार ज्वालेची उष्णता इतक्या त्वरेनें ओढून पसरविते, कीं बाहेरचा वायु पेटण्याइतका तापत नाहीं. शंकेखोर वाचकांनीं मेणबत्तीच्या ज्योतीवर पिठाची तारेची चाळणी क्षणभर आडवी धरावी (मुलांनीं वडीलमाणसांसमक्षच). ज्योत चाळणीखालींच अडते. शिवाय वायु वाढला कीं दिव्यांतील ज्योतीवर निळसर टोप चढे, म्हणजे जो रक्षक तोच सूचकहि. डेव्हींनीं या युक्तीचें पेटंट घेतलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. मात्र जाळी गंजली, फाटली किंवा जोराच्या वाऱ्यांत सांपडली, कीं दिवा दगा देई. आणि या दिव्याच्याच भरंवशावर, पूर्वीं वायूच्या भयानें सोडून दिलेल्या खाणींतहि मालकांनीं पुन्हां माणसें उतरविलीं.